असानकुलची गरम फरशी

असानकुलने ठरवलं, लेकीची सोयरीक जमायची तर जमीन गरम हवी. डोंगरातल्या नारिन गावच्या थंडीत व्याह्यांचे पाय गारठले की बोलणीही गारठतात, असं त्याचं म्हणणं. (त्याच्या म्हणण्याला घरात कुणी विचारत नसे, पण हौसेला मोल नाही.)

नवऱ्या मुलाची आजी सालिमा लेकीच्या, तुरसुनायच्या, कानात कानातले घालायला येणार होती. घातले की मुलगी त्यांची. पण म्हातारी भारी चिकित्सक! दोन घरांतून कानातले पदरात बांधून परत गेली होती.

असानकुलने जुन्या लाकडी जमिनीवरच तापणाऱ्या तारांची जाळी अंथरली आणि वर फरश्या चिकटवायला घेतल्या. बायको बुरुल म्हणाली, अहो, या फळ्या थंडीत आकसतात, पावसात फुगतात, आधी त्या काढून खाली सिमेंट तरी घाला.

"गोंद बघितलास का? घोडा चिकटवला तर घोडा हलणार नाही."

"घोडा नाही हलणार. फळ्या हलतील."

तो हसला. फरश्या त्याने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अशा घट्ट बसवल्या की सुरीचं पातं शिरू नये. त्याचाच त्याला जास्त अभिमान होता.

पाहुणे आले. आता मानाच्या जागी आजीला उघड्या फरशीवर कोण बसवेल? खाली शिरदाक, म्हणजे नक्षीचा जाड नमदा, त्यावर गाद्यांवर गाद्या, आणि वर सालिमा आजी. असानकुलने हळूच गरमीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

पाहुण्यांच्या मानाचं मेंढीचं डोकं ताटात आलं, आणि खालून कुरकुर ऐकू यायला लागली. वर गाद्या, म्हणून ऊब कोंडलेली. खाली फळ्या वाळून वाकड्या होत होत्या, गोंद सुटत होता. तापलेल्या फरश्यांना अंग ताणायचं होतं आणि दोन्हीकडे भिंती. मग उरलं काय? आभाळ.

धाडकन आवाज झाला. फरश्यांच्या दोन अख्ख्या रांगा डोक्याला डोकं लावून तंबूसारख्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावर नमदा, गाद्या, ताट यांच्यासकट सालिमा आजी हळूहळू वर चढली.

असानकुलला भीती वाटायला हवी होती, पण त्याला आधी नवलच वाटलं. नारिनभोवतीचे डोंगर असेच उठले असतील, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचे डोळे भरून आले. मग त्याला कानातले आठवले.

आजीने वरून सगळ्यांकडे पाहिलं. जन्मभर ती ठेंगणी, आज प्रथमच समोर बसलेल्या आपल्या धिप्पाड मुलाच्या डोक्यावरून तिला खिडकीबाहेरचं दिसत होतं.

"पुष्कळ घरांनी मला मानाने बसवलं," ती म्हणाली. "उचलून कुणी धरलं नव्हतं. ये गं पोरी."

तुरसुनायला टाचा उंचावाव्या लागल्या. कानातले घातले गेले, बुरुलने डोळे पुसले.

"ही फरशी बसवली कुणी?" आजीने विचारलं.

असानकुल छाती काढून पुढे आला.

"व्याही, पोरीबरोबर हवं ते पाठवा," आजी म्हणाली. "फक्त आमच्या घरी याल, तेव्हा हात रिकामे ठेवून या."