सहा मतं आणि एक बांगडा

"सहलीला यायला माझी एकच अट आहे," नम्रता म्हणाली. तिच्या हातात लाटणं होतं, त्यामुळे घरातले पाचही जण नीट ऐकत होते. "दोन दिवस काय खायचं, कुठे खायचं, यातलं काहीही मला कोणी विचारायचं नाही. समोर येईल ते मी खाईन. पण ठरवणार नाही."

"एवढंच ना? डन!" अजित म्हणाला. पुढचा माणूस काय मागतोय ते कळण्याआधीच 'डन' म्हणून मोकळं व्हायची त्याला सवय होती. लग्नालाही तो असाच हो म्हणाला होता, पण तो विषय वेगळा.

नम्रता अँटॉप हिलच्या एका दवाखान्यात फार्मासिस्ट होती. कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती जेवणानंतर, हे ती दिवसभर लोकांना सांगायची. घरी आल्यावर ते जेवण कोणतं, हेही तिलाच ठरवावं लागायचं. रांधायचा तिला कंटाळा नव्हता. अजितही चपात्या सोडून बाकी सगळं करायचा. पण करायच्या आधी विचारायचा. सकाळी सातला एकदा, संध्याकाळी सातला एकदा, अकरा वर्षं तोच प्रश्न. आता तिला स्वप्नातसुद्धा लोक "आज काय करायचं?" असं विचारत होते, आणि ती झोपेत "भेंडी" म्हणत होती.

"अट नोंदवून घेतो," सासरे बाबुराव म्हणाले आणि त्यांनी वही उघडली.

ही वही म्हणजे त्या घराचं इतिवृत्त. परळची चाळ पाडून टॉवर झाला, बिऱ्हाड चौदाव्या मजल्यावर गेलं, पण बाबुराव होते तसेच राहिले. पुनर्विकास समितीचे ते सतरा वर्षं अध्यक्ष होते आणि विहाराच्या समितीचे त्याहून जास्त. "मताचा हक्क आपल्याला कुणी फुकट दिलेला नाही," असं ते सांगत, आणि ते खरंच होतं. फक्त तो हक्क ते पडद्यांच्या रंगापासून टूथपेस्टपर्यंत सगळीकडे बजावायला लावत. जो घरात जेवतो त्याला मत, हा नियम. त्यामुळे पाच वर्षांच्या संघमित्रालाही अख्खं मत होतं. तटस्थ राहायची सोय नव्हती. जो हजर आहे त्याने मत दिलंच पाहिजे. दुसरा नियम असा, की जेवायला सगळ्यांनी एकाच ठिकाणी बसायचं. पंगत फुटू द्यायची नाही.

चौदाव्या मजल्यावर हे सगळं चालून जायचं, कारण तिथे पोळी-भाजीच्या विरोधात कितीही मतं पडली तरी शेवटी पोळी-भाजीच असायची.

शनिवारी दुपारी साडेबारा वाजता सहाही जण 'अद्भुतनगरी'त एका प्लॅस्टिकच्या डायनासोरच्या पोटाखाली उभे होते. मुंबईपासून दोन तासांवरचं हे पार्क. रात्रीचा मुक्कामही तिथेच होता. सकाळपासून पाळणे, बोगदे, घसरगुंड्या झाल्या होत्या आणि सगळ्यांना कडकडून भूक लागली होती. पार्कात जेवायला तीन जागा होत्या. 'चीझ किल्ला' म्हणजे पिझ्झा, 'राजवाडा' म्हणजे छप्पन्न पदार्थांचा बुफे, आणि तिसरं 'मासळीघर'. मासळीघराच्या दारावर पाटी होती : दुपारी तीनपर्यंत, नंतर सात वाजता.

"चिठ्ठ्या करा," बाबुराव म्हणाले.

"बाबा, इथे?" अजित म्हणाला. "जाऊ या ना कुठेतरी. पोरं भुकेजलीत."

"कुठेतरी म्हणजे कुठे? तेच तर ठरवायचंय. गुप्त मतदान. एकमेकांच्या चिठ्ठीत बघायचं नाही."

वहीचं पान फाडून सहा चिठ्ठ्या झाल्या. संघमित्राला लिहिता येत नसल्याने तिला चित्र काढायची मुभा होती. नम्रताला मत द्यायचंच नव्हतं. पण हजर राहून तटस्थ राहता येत नाही, म्हणून तिने सगळ्यांत जवळ दिसला तो 'राजवाडा' लिहून टाकला. बाबुरावांनी चिठ्ठ्या टोपीत हलवल्या आणि मोजणी केली. पिझ्झा एक, मासळी दोन, बुफे दोन. सहाव्या चिठ्ठीवर एक त्रिकोण होता आणि त्यात ठिपके होते.

"हा मासा आहे," सासूबाई कमलाबाई म्हणाल्या. "पापलेट. डोळा बघा ना."

"आजी, काय पण! पिझ्झाचा तुकडा आहे तो," नऊ वर्षांचा सम्यक ओरडला. "ठिपके म्हणजे कॉर्न."

"माशाला एवढे डोळे नसतात, आई," अजित म्हणाला.

"चिठ्ठी कोणाची आहे?" बाबुरावांनी विचारलं आणि लगेच जीभ चावली. "नको, सांगू नका. गुप्त आहे."

"माझी आहे!" संघमित्रा म्हणाली. "आणि मला आत्ताच्या आत्ता भूक लागलीय!"

गुप्तता भंगली म्हणून फेरमतदान. दोन, दोन, दोन. तोवर एक वाजून गेला होता. संघमित्रा जमिनीवर बसली होती आणि डायनासोरच्या पायाला चापट्या मारत होती.

आता राजकारण सुरू झालं. सम्यकने वडिलांना बाजूला घेतलं. सकाळी मोठ्या पाळण्याच्या रांगेत उभं असताना अजितच्या छातीत अचानक बारीक कळ आली होती, आणि तो रांगेतून बाहेर पडताच ती गेली होती. हे सम्यकने पाहिलं होतं.

"पप्पा, मी कोणाला सांगणार नाय," तो प्रेमाने म्हणाला. "पण पिझ्झा."

अजितने बुफेचा पक्ष सोडला. एकटं 'राजवाडा' मत बाद झालं. उरली नम्रता. आता पिझ्झा आणि मासळी यांतलं एक निवडायचं होतं. दर रविवारी लालबागहून मासे आणून, खवले काढून, हाताला दोन दिवस वास घेऊन ती फिरायची. दुसऱ्याने साफ केलेला मासा कसा लागतो हे तिला माहीत नव्हतं. तिने 'मासळी' लिहिलं. निकाल लागला : तीन-तीन.

"अध्यक्षाचं जादा मत असतं ना, बाबा?" अजितने विचारलं. "द्या आणि संपवा."

"असतं. पण अध्यक्षाने ते आपल्याच बाजूने वापरायचं, हे बरं दिसत नाही. सतरा वर्षांत एकदाही वापरलेलं नाही मी."

"मग मुलांच्या बाजूने वापरा."

"तो माझ्या स्वतःच्या मताशी विश्वासघात झाला."

पंधरा मिनिटं प्रचार चालला. कमलाबाईंनी सम्यकला आमिष दाखवलं. सम्यकने कमलाबाईंना पिझ्झावरही कोळंबी घालतात असं सांगितलं आणि त्यांनी त्याच्याकडे दया येऊन पाहिलं. पुन्हा चिठ्ठ्या झाल्या, पुन्हा तीन-तीन. बाबुराव वहीत लिहीत होते. पान भरलं तसे ते पाठपोट लिहू लागले. पावणेदोन वाजले.

मग एकेकाची मान वळली. आधी अजितची, मग सम्यकची, मग कमलाबाईंची. सगळे नम्रताकडे पाहू लागले.

"नम्रता," अजित अगदी हळू म्हणाला, "तूच सांग ना. तुझं एक मत इकडे आलं की प्रश्न मिटला."

"किंवा जिथे आहे तिथे राहिलं आणि बाकीच्यांना तू समजावलंस, तरी मिटला," कमलाबाई म्हणाल्या.

"मम्मी, बोल ना! कुठे जेवायचं?" संघमित्राने तिचा कुर्ता ओढला.

नम्रताला रडू यायचं बाकी होतं. चौदाव्या मजल्यावरचा ओटा जणू तिच्या मागोमाग इथवर आला होता. ती एवढंच म्हणाली, "मी आलेच," आणि चालू लागली. ती स्वच्छतागृहाकडे गेली असं सगळ्यांना वाटलं. तिलाही आधी तसंच वाटलं. पण पाय स्वच्छतागृहापुढे थांबले नाहीत, आईस्क्रीमच्या गाडीपुढे थांबले नाहीत, आणि थांबले ते थेट मासळीघरातल्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी.

"एकट्याच?" वाढणाऱ्या बाईंनी विचारलं.

"हो," नम्रता म्हणाली. हा शब्द तिला फार आवडला.

"ताटात आज बांगडाच हाय. दुसरं काय नाय."

नम्रताला त्या बाईंच्या गळ्यात पडावंसं वाटलं. ताट आलं. बांगडा, तिखलं, सोलकढी, भाताची मूद. तिने पहिला घास घेतला तेव्हा कोणी तिच्याकडे पाणी मागितलं नाही. दुसऱ्या घासाला कोणी काटे काढून मागितले नाहीत. तिसऱ्या घासाला तिला अपराधी वाटलं. ती उठणार, इतक्यात फोन वाजला. घरच्या ग्रुपवर बाबुरावांचा संदेश होता : 'ठराव बहुमताने मंजूर. पिझ्झा तीन, मासळी दोन. स्थळ चीझ किल्ला. सदस्या नम्रता अनुपस्थित. थांबता आलं नाही, छोटीला भूक अनावर. ये.'

नम्रताने तो दोनदा वाचला. सव्वा तास न सुटलेलं कोडं ती उठून गेल्यावर दहा मिनिटांत सुटलं होतं. तिने सोलकढी आणखी एक वाटी मागवली.

चीझ किल्ल्यात ती पोहोचली तेव्हा पोरं खूश होती आणि अजित ढेकर देत होता. कमलाबाई मात्र पिझ्झाची कड दाताने ओढत होत्या. "तुटतच नाय गं मेलं," त्या म्हणाल्या. "तू काय खाणार आता?"

"मला भूक नाही," नम्रता म्हणाली, आणि तिला खरोखरच नव्हती.

संध्याकाळी साडेसातला पुन्हा तोच डायनासोर, तीच वही. चीझ किल्ला संध्याकाळी बंद होता, पण पावभाजी आणि चायनीज अशा दोन गाड्या नव्याने लागल्या होत्या. मासळीघरही उघडलं होतं. चिठ्ठ्या फाडण्याआधी बाबुरावांनी घसा साफ केला.

"दुपारच्या कामकाजाचा मी अभ्यास केला. सहा जण असले की गाडी अडते. पाच झाले की चालते. दोष कोणाचा नाही, संख्येचा आहे. सभासदसंख्या विषम पाहिजे."

"म्हणजे एकाने बाहेर बसायचं?" सम्यकने विचारलं.

पंगत फुटू नये हा नियम ज्यांनी केला, तेच आता वहीकडे बघत होते. तेवढ्यात नम्रता पुढे झाली.

"मी जाते, बाबा," ती मान खाली घालून म्हणाली. "माझ्यामुळे सगळ्यांची अडचण नको. खाईन कुठेतरी एकटीच. उद्याही जाईन."

बाबुरावांचे डोळे पाणावले. अजितला तर दाटूनच आलं. "बघा," तो पोरांना म्हणाला, "मम्मी किती करते आपल्यासाठी." नम्रताच्या त्यागाबद्दल आभाराचा ठराव मांडण्यात आला आणि तो एकमताने मंजूर झाला. त्या वहीतला पहिला एकमताचा ठराव. कमलाबाईंनीही हात वर केला, पण सुनेच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहत.

नम्रता वीस पावलं गेली असेल, तोच मागून चपलांचा फटफट आवाज आला.

"थांब गं! मी पण येते."

"कमल! अगं कुठे निघालीस?" बाबुराव ओरडले. "तू गेलीस तर चार उरतात! चार सम आहेत!"

"मग काय झालं? मी अनुपस्थित. लिहा वहीत!" कमलाबाई मागे न बघता म्हणाल्या. मग त्यांनी सुनेचा दंड पकडला आणि आवाज उतरवला. "दुपारी तुझ्या हाताला कसला वास येत होता?"

"बांगड्याचा," नम्रता म्हणाली.

"मला वाटलंच. चौतीस वर्षं ठरवलं मी त्यांना काय घालायचं ते. तू यायच्या आधी मीच होते तिथे. मला नाय का सांगायचं, बये?"

नम्रताने सासूचा हात घट्ट धरला आणि दोघी मासळीघराच्या पायऱ्या चढल्या. वाढणाऱ्या बाईंनी न विचारता दोन ताटं आणून ठेवली. कमलाबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

फोन वाजला. पुन्हा वाजला. पुन्हा.

"काय म्हणतायत?" कमलाबाईंनी डोळे न उघडताच विचारलं.

"पावभाजी दोन, चायनीज दोन. छोटी रडतेय. दोघींनी ताबडतोब यावं."

"रडू दे. बाप आहे, आजोबा आहे, तिथे काय जंगल आहे? लिही त्यांना, इथे रेंज नाय."

नम्रताने तसंच लिहून पाठवलं आणि बांगड्याचा काटा सोडवायला घेतला.