याला थंडी म्हणत नाहीत

दिघेकाका बाहेरून घरात आले की कोट चढवतात आणि बाहेर निघाले की काढून खुंटीला लावतात. जानेवारीत टोकियोजवळच्या इचिकावातल्या आमच्या गल्लीला हा सोहळा रोज बघायला मिळतो. पहिल्या वर्षी त्यांचे जपानी जावई केन-सान घाबरले होते. सासऱ्यांच्या डोक्यावर परिणाम झाला असं त्यांना वाटलं. काकांचं म्हणणं सरळ आहे. बाहेर निदान ऊन असतं, घरात तेही नसतं.

काका मूळचे नागपूरचे. नागपूरकर उन्हाची फुशारकी मारतात हे आपण ऐकून असतो. काका थंडीची मारतात, कारण मधली तीस वर्षं त्यांनी कॅनडात, विनिपेगला काढली. उणे तीसमध्ये गाडी कशी सुरू करायची, नाकातले केस कसे गोठतात, हे ते पंगतीत जिलबीचा आग्रह करावा तसं ऐकवतात. “बाहेर उणे तीस आणि घरात मी बनियनवर. बनियनवर!” इथे मात्र पाच अंशांत त्यांना हुडहुडी भरते, आणि संताप येतो तो त्याचाच. “याला थंडी म्हणत नाहीत,” ते म्हणतात. “याला गैरव्यवस्थापन म्हणतात.”

त्यांच्या मुलीने, मानसीने, एकदा मला जेवायला बोलावलं. काका कोट घालूनच आमटी-भात जेवत होते, आणि आमटी बाहीवर सांडली तो दोषही त्यांनी जपानलाच दिला. मग भिंतीवर टकटक करून विचारलं, ही भिंत आहे की पुठ्ठा? ज्या लोकांना कमोडची सीट गरम करायचं सुचतं, त्यांना भोवतालची खोली गरम करायचं का सुचू नये? मला इथे अकरा वर्षं झाली, पण याचं उत्तर माझ्याकडेही नाही.

खरा कहर होतो बर्फाचा इशारा आला की. बर्फ पडणार दोन बोटं, पण गाड्या कमी करतात, ऑफिसं लवकर सोडतात, कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातला ब्रेड संपतो. काकांना हा आपला वैयक्तिक अपमान वाटतो. दोन बोटांना आमच्याकडे धूळ म्हणतात, असं ते भेटेल त्याला सांगत सुटतात.

मागच्या फेब्रुवारीत असाच इशारा आला. काकांनी दुपारभर त्याला शिव्या घातल्या आणि अंधार पडायच्या आत मानसीच्या स्वयंपाकघरातलं मीठ उचलून शेजारच्या ओहाशी-सानच्या पायरीवर पसरून आले. विनिपेगची रीतच ती. बर्फ पडायच्या आधी मीठ टाकलं की तो पायरीला धरत नाही. पण रात्रीत एक कणही पडला नाही. सकाळी लख्ख ऊन, आणि अख्ख्या गल्लीत फक्त ओहाशी-सानच्या दारात मिठाचा थर.

ओहाशी-सान ऐंशीच्या घरातल्या. शरद ऋतूत त्यांचे यजमान वारले होते. इथे अंत्यविधीहून परतल्यावर अंगावर मीठ शिंपडतात, आणि नकोसा पाहुणा गेला की त्याच्या पाठोपाठ दारात मीठ फेकतात. आपण मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणारी माणसं, तेव्हा ओहाशी-सानना काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. त्यांनी कमरेत वाकून मानसीला एवढंच विचारलं की आमच्याकडून काही चुकलं का. त्यानंतर कुंपणावरून काकांच्या हातात पडणारी संत्री बंद झाली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण गल्लीत काकांशी रोज बोलणाऱ्या तेवढ्या त्याच होत्या.

मानसी दोनदा माफी मागून आली. काका आठवडाभर धुमसत होते. चांगलं करायला जावं तर ही तऱ्हा! विज्ञान आहे ते, जादूटोणा नाही! रविवारी माझ्या दारात येऊन म्हणाले, “तुझं जपानी बरं आहे. चल.” मानसीचं माझ्याहून कितीतरी चांगलं आहे, असं मी म्हटलं. त्यावर म्हणाले की ती नुसती माफी मागते, मला समजावून सांगायचंय.

ओहाशी-सानच्या बैठकीत त्यांनी पाणी कितीला गोठतं, मीठ घातल्यावर कितीला, असं रीतसर व्याख्यान दिलं. मी घाम पुसत भाषांतर केलं. ओहाशी-साननी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. मग फक्त आमच्याच दारात का?

“घरात तेवढंच मीठ होतं,” काका म्हणाले. मग पायरीकडे बोट दाखवून, “बाकीच्या घरांत कुणी पडलं तर उचलायला माणूस आहे. या सकाळी कचरा टाकायला एकट्या निघतात.”

मी हे जपानीत सांगितलं. ओहाशी-सान काकांकडे वळल्या. मग त्यांनी विचारलं, तिकडे कॅनडात तुम्हाला उचलायला कोण होतं?

मला वाटलं, आता काका भडकणार. मानसीला एकटीला घर आणि नोकरी झेपेना म्हणून आलो, असं त्यांनी आजवर गल्लीभर सांगितलं होतं. पण आवाज चढला नाही.

“कोणी नाही,” ते म्हणाले. “दारातल्या पायरीवरच पडलो. पोस्टमन येईपर्यंत तसाच होतो. म्हणून तर आलो इथे.”

मी भाषांतराला तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“त्यांना सांग. मानसीला नको सांगूस.”