हात मागं, डोळे पुढं

आजही काचेचं कपाट दिसलं की माझे हात आपोआप पाठीमागे जातात. साडीच्या दुकानात मी अशी फौजदारासारखी उभी राहते, की दुकानदार घाबरून दोन साड्या जास्त दाखवतो. विज्ञानाचं माझं एवढंच शिक्षण, आणि ते हिरेमठबाईंनी दिलेलं.

पंचाहत्तर सालच्या आसपास बाई सोलापुरात आम्हा आठवी-नववीच्या मुलींना विज्ञान शिकवायच्या. शाळेत प्रयोगशाळा होती, म्हणजे एक कपाट होतं. किल्ली बाईंच्या कमरेला. आम्हाला रांगेनं समोर उभं करून बाई गर्जायच्या, "हात मागं, डोळे पुढं! ही परीक्षानळी. हे चंचुपात्र. बघितलं? चला, पुढची!" एखादीचा हात नुसता वळवळला, तरी बाईंच्या तोंडून मराठी पळून जायची. बाई कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीच्या. "मुट्टबेड!" हात लावू नको, एवढी कानडी सगळ्या वर्गाला आली.

प्रयोग फळ्यावर व्हायचे. वहीत निरीक्षण आधीच उतरवलेलं असायचं. 'उग्र वास आला', हे मी फार वळणदार अक्षरात लिहिलंय. वर्गात वास यायचा तो बाईंच्या तपकिरीचा.

लक्ष्मी आमच्याच वर्गात. तिच्या घरी, साखर पेठेत, सूत रंगवायचा कारखाना. त्यामुळे तिची नखं कायम लाल, नाहीतर जांभळी.

"काय ही नखं! जा, धुऊन ये," बाई रोज म्हणायच्या.

"जात न्हाई बाई, पक्का रंग हाय," लक्ष्मी रोज सांगायची.

आम्ही पुढच्या बाकावरच्या हुशार मुली हसायचो. मी सगळ्यात मोठ्यानं. माझी नखं स्वच्छ होती. डोकंही.

नववीत तपासणी आली. मुख्याध्यापिकांनी आमच्यादेखत बाईंना सांगितलं, "साहेब प्रत्यक्ष प्रयोग बघणार आहेत. जमत नसेल तर विज्ञान दुसऱ्या कुणाला देऊ. तुम्ही शिवण घ्या." बाईंचा चेहरा हातातल्या खडूसारखा झाला.

त्या संध्याकाळी बाई लक्ष्मीबरोबर साखर पेठेच्या रस्त्याला लागलेल्या दिसल्या. नखांची तक्रार घरी पोचणार! मजा बघायला मी मागोमाग गेले आणि कारखान्याच्या दाराआड उभी राहिले.

आत वाफ, ओल्या सुताच्या लडी, आणि टाक्यांसमोर बाई. हात मागं, डोळे पुढं! लक्ष्मीनं काठीवरची पिवळट लड एका टाकीतून उचलून दुसरीत बुडवली. बघता बघता ती लालभडक झाली.

"अय्यय्यो! खरंच होतंय की गं हे!"

"बाई, तुमीच शिकवता की."

"फळ्यावर, गं." बाई हळूच म्हणाल्या, "कॉलेजात पोरं पुढं, मी एकटी मागं. सर म्हणायचे, तू नुसती बघ, काच फुटंल. बी.एस्सी. झाले, पण नळी कधी हातात धरली न्हाई."

लक्ष्मीच्या आईनं काठी पुढे केली. "घ्या की बाई. सूत काय फुटत न्हाई."

बाईंचे हात पाठीमागून सुटेनात. शेवटी लक्ष्मीनंच ते धरून पुढे आणले.

पुढचे आठ दिवस बाई रोज साखर पेठेत. रंगासाठी लागणारं ॲसिड कसं ओतायचं, ते लक्ष्मीनं त्यांना शिकवलं.

तपासणीला साहेब आले. चहा घेतला, कपाटाची काच बोटानं पुसून बघितली, 'प्रयोगशाळा अत्यंत स्वच्छ' असा शेरा मारला आणि गेले. प्रयोग बघितलाच नाही. विज्ञान बाईंकडेच राहिलं.

परीक्षानळी हातात धरून बाई तशाच उभ्या होत्या. नखं लाल. आता कपाटाला कुलूप लागणार, असं आम्हाला वाटलं.

"लक्ष्मी, हितं ये. चुकले तर सांग," बाई म्हणाल्या. पाण्यात थेंब थेंब ॲसिड पडलं. निळा लिटमस कागद बुडाला आणि लाल झाला. सगळा वर्ग ओरडला. मग बाईंनी एकेकीच्या हातात नळी आणि निळा कागद दिला. माझी पाळी आली तेव्हा माझे हात मागेच.

"तू काय फौजदार हाईस व्हय?" बाई म्हणाल्या. "पुढं घे की."

नाही घेता आले. लक्ष्मी माझ्याकडेच बघत होती.

तास संपला. सगळ्यांचे लाल कागद टोपलीत गेले. बाईंनी आपला तेवढा पदरानं टिपला, घडी केली आणि तपकिरीच्या डबीत ठेवला.