तात्यांची खूण

आमच्या तात्यांनी आजवर तीन लग्नांतून टोमॅटोचं कॅरेट उचलून आणलंय. बाकीचे लोक मांडवात शिरले की नवरानवरीकडे बघतात. तात्या अक्षता टाकतात, आहेराचं पाकीट देतात आणि तडक मांडवामागे आचाऱ्याकडे जातात. भाजी कशात भरून आलीय ते वाकून वाकून बघतात. आपलं कॅरेट दिसलं की आतला माल ताडपत्रीवर ओतायचा, कॅरेट झटकायचं आणि निघायचं. तिसरं लग्न तर त्यांच्या सख्ख्या साडूच्या मुलीचं होतं. तात्या कॅरेट मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बांधून घरी आले आणि जाताना त्याच सीटवर बसून गेलेली मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, संध्याकाळी बँडवाल्यांच्या टेंपोतून आली.

"जागा एकाचीच होती," तात्यांनी खुलासा केला. "तू कोणासंगं पण येशील. कॅरेटला तोंड हाय का, मला घरी सोडा म्हणायला? विषय संपला."

'विषय संपला' हे त्यांचं पालुपद. ते म्हणून झाल्यावरच खरा विषय सुरू होतो, आणि पुढे अर्धा तास चालतो.

कॅरेट म्हटल्यावर नाशिकबाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे सोनं येतं, म्हणून सांगून टाकते. आमच्याकडे कॅरेट म्हणजे टोमॅटो भरायचा प्लॅस्टिकचा जाळीदार खोका. तो मळ्यातून भरून मार्केट यार्डात जातो, व्यापाऱ्याकडून दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जातो, आणि रिकामा होऊन मालकाकडे परत यावा अशी अपेक्षा असते. सगळी कॅरेटं सारखीच दिसतात, म्हणून जो तो आपल्या कॅरेटवर ऑइलपेंटनं खूण करतो. कोणी नाव लिहितं, कोणी त्रिशूळ काढतं. तात्यांची खूण म्हणजे काठाला पिवळा पट्टा आणि त्यावर तीन बोटं लाल रंगात बुडवून ओढलेल्या तीन रेघा. चारही बाजूंनी. ब्रश वापरायचे नाहीत, बोटंच. त्यानंतर दोन दिवस चमच्यानं जेवायचे.

तात्या माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. मखमलाबादकडच्या मळ्यात आमची दोन घरं आणि मध्ये एक अंगण. तात्यांचा टोमॅटो आणि फ्लॉवर, आमचा झेंडू आणि शेवंती. आमचा माल फुलबाजारात जातो, त्यामुळे भाजीच्या यार्डाशी माझा कधी संबंध आला नाही. तात्यांना आणि मोठ्या आईला मूलबाळ नाही. आमच्या घरात हे वाक्य कोणी मोठ्यानं बोलत नाही, म्हणून इथे एकदा लिहून मोकळी होते.

मी शहरातल्या कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकते. पहिल्या वर्षी आमच्या निम्म्या वर्गानं केलं तेच मीही केलं, गोदावरीवर पोस्टर. निळी वळणदार रेघ, तिच्यात एक दिवा. दुसऱ्या वर्षी मी घाटाच्या पायऱ्यांसारखी अक्षरं तयार केली. ती इतकी कलात्मक झाली की मलाही वाचता येईनात. प्रेरणा कोणाची, असं मॅडमनी विचारलं की मी परदेशातल्या चार मोठ्या माणसांची नावं घ्यायचे. त्यांतल्या दोघांची नावं मला अजून नीट उच्चारता येत नाहीत.

घरी मात्र प्रत्येक कामाची परीक्षा तात्या घ्यायचे. पोस्टर मला अंगणात धरायला लावायचे आणि स्वतः चालत चालत पार गोठ्यापर्यंत जायचे. म्हशीच्या शेजारी उभे राहून डोळे बारीक करायचे.

"इथनं काय दिसत नाय," तिथून निकाल यायचा.

"तात्या, पोस्टर जवळून बघायचं असतं."

"म्हंजे बघणाऱ्यानं चालत यायचं व्हय? त्याला काय कामधंदा नाय? विषय संपला."

मला असा राग यायचा म्हणून सांगू. माणसानं आयुष्यात टोमॅटोशिवाय काही पाहिलेलं नाही आणि आम्हाला शिकवतोय.

तिसऱ्या वर्षी मोठा प्रकल्प आला. खऱ्या धंद्यासाठी खरी खूण, म्हणजे लोगो, करायची. ती महिनाभर खरोखर वापरली गेली पाहिजे, आणि शेवटी धंद्याच्या मालकानं परीक्षकांपुढे येऊन ती कामाला आली का ते सांगायचं. नाही आली, तर आख्खं सत्र पुन्हा. मैत्रिणींनी कॅफे धरले, बुटिक धरले, एकीनं तर विंचूरकडची वायनरी पटकावली. मी चार दुकानदारांकडे गेले. तिघांनी पुतण्या करतो म्हणून सांगितलं, चौथ्यानं मलाच गिऱ्हाईक समजून दोन पडदे विकले. मुदत संपायला आली, तेव्हा मी तात्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

"तात्या, तुमच्या कॅरेटची खूण बदलू द्याल?"

मोठी आई लसूण सोलत होती. तिचे हात थांबले. तात्यांनी चहाचा कप उचलला, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, बशीत उपडा घातला.

"नाय बदलली तर?"

"तर सहा महिने वाया."

"मग बदल," तात्या म्हणाले.

एवढं सोपं जाईल असं मला वाटलंच नव्हतं. दोन दिवस मी आणि मोठी आई टर्पेंटाइननं तीन बोटं पुसत होतो. मग मी माझी खूण छापली. टोमॅटोचं एक नाजूक पान, पानाच्या पोटात 'त' हे अक्षर, रंग शेवाळी, जागा एका बाजूला खाली कोपऱ्यात. कॉलेजात याला मिनिमल म्हणतात. तात्यांना मी त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी दोनतीनदा घोळवून पाहिला आणि पानाकडे बघत म्हणाले, "नाजूक हाय."

तात्यांच्या तोंडी नाजूक हा शब्द फक्त फ्लॉवरच्या रोपांना येतो, आणि तोही ती मरायला टेकल्यावर. पण मला तेव्हा ते कौतुकच वाटलं.

महिना चालू झाला. मी रोज कॉलेजातून आले की विचारायचे, "तात्या, परत येतायत ना?" "येतात." शेडमधली थप्पी मला जरा बुटकी वाटायला लागली. तसं म्हटलं तर उत्तर तयार, "फिरतीवर हायेत." तात्या यार्डातून उशिरा यायला लागले. मोठी आई म्हणायची, "ह्यांना त्या यार्डात आता खाटच टाकून द्या." मी माझ्या कागदांत गुंग होते. पानाचा कोन किती अंशांचा आणि का, यावर मी चार पानं लिहिली.

परीक्षेच्या दिवशी तात्या इस्त्रीचा शर्ट, पांढरी टोपी घालून आले, मॅडमसाठी टोमॅटो घेऊन. त्यांचा नंबर यायच्या आधी वायनरीवालीची बाटली टेबलावर ठेवलेली होती. तात्या बघायला लागले आणि मला धस्स झालं, कारण ते मागे सरकत होते. भिंत लागली. मग त्यांनी दार उघडलं आणि बाहेर व्हरांड्यात गेले. तिथून आवाज आला, "बाटली हाय एवढं कळतंय."

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "आत या, काका. तुमचं सांगा. नवीन खुणेनं कॅरेटं परत येतात का?"

"येतात तर. न येऊन सांगतात कोणाला?"

"सगळी?"

"सगळी. विषय संपला."

आणि त्या दिवशी विषय खरंच संपला. तात्या पुढे एक अवाक्षर बोलले नाहीत. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मी पास व्हायच्या आनंदात होते.

मॅडम मात्र कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. "उद्या सकाळी मी यार्डात येते," त्या म्हणाल्या. "स्वतः विचारते. मगच मार्क." तात्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली.

सकाळी आम्ही तिघं यार्डात उभे. मॅडमनी पहिलाच हमाल गाठला, मिशीवाला, पाठीवर फ्लॉवरचं पोतं. माझ्या खुणेकडे बोट करून विचारलं, "दादा, हे कॅरेट कोणाचं?"

"तात्याचं," त्यानं पोतं न उतरवता सांगितलं. "पान हाय. पानाच्या पोटात त हाय. त म्हंजे तात्या."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. मी तर हवेत. पुढच्या गाळ्यावर एक जण मिरच्या निवडत होता. त्याला विचारलं. "पान हाय. पानाच्या पोटात त हाय. त म्हंजे तात्या." मला जरा चुकल्यासारखं वाटलं. तिसरा व्यापारी फोनवर भाव करत होता. त्यानं फोनवर हात ठेवला, घडाघडा तेच म्हटलं आणि वर पुस्ती जोडली, "मिनिमल हाय ते."

मॅडमनी तात्यांकडे बघितलं. तात्या आभाळाकडे बघत होते.

चौथ्या ठिकाणी ठकूबाई नावाच्या भाजीवाल्या बसल्या होत्या, मेथीच्या जुड्यांच्या मधोमध. मॅडमनी प्रश्न पुरा करायच्या आधीच त्यांनी हात जोडले. "पान हाय, पोटात त हाय. बाई, तुम्ही तरी सोडवा आम्हाला ह्या माणसापासून. महिनाभर कॅरेट डोक्यावर घेऊन गाळ्या-गाळ्यात हिंडतोय. च्या पाजतो आन् पाठ म्हणून घेतो. माझ्यासारख्या अंगठेबहाद्दरला त शिकवला ह्यानं."

"पण का?" मॅडमनी विचारलं.

"का म्हंजे? पहिल्या हप्त्यातच पन्नासेक गेली की ह्याची. वळखूच येईनात. एकावर एक ठिवली की ते पान झाकतंय, आन् लांबून वाटतं पाल चिकटलीय. सगळे म्हणले, तात्या, मार तुझी तीन बोटं. तर म्हणं, लेकीच्या परीक्षेचा सवाल हाय. ती पास हुईस्तोवर पानच ऱ्हाईल."

माझे कान गरम झाले. लोक कॅरेट ओळखत नव्हते, तर या माणसानं सगळ्या यार्डाला ओळखायला शिकवलं होतं. एका कॅरेटसाठी बायकोला मांडवात सोडून येणारा माणूस पन्नास कॅरेटं घालवून माझ्यासमोर रोज "येतात" म्हणत होता. आणि मी पानाच्या कोनावर चार पानं लिहीत बसले होते. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मॅडम, माझी खूण नापास आहे," मी म्हणाले. "काठावर हवी होती. चारही बाजूंनी हवी होती. दुरून दिसायला हवी होती. हे सगळं यांनी मला पहिल्या वर्षापासून सांगितलंय."

तात्या मध्ये पडले. "नाय नाय, तसं काय नाय. पोरं नवीन करणारच. लोकांनाच नजर नाय."

मॅडमनी वाकून कॅरेटवरचं पान जवळून बघितलं. मग म्हणाल्या, "खूण नापास, हे खरंय. पण का नापास हे तू आत्ता तीन वाक्यांत सांगितलंस, ते तुझ्या चार पानांत नव्हतं. एक महिना देते. नवीन कर. सत्र वाचेल. आणि काका, या वेळी तुम्ही कोणाला चहा पाजायचा नाही." तात्यांनी मान डोलावली, पण ती हो ची की नाही ची, ते मॅडमना कळलं नाही.

मॅडम रिक्षा शोधायला गेल्या. ठकूबाईंनी मला खालून वर न्याहाळलं.

"तूच का गं ती? तात्याची लेक?"

मी तात्यांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली आणि पायातली वहाण उगाच सारखी करायला लागले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"रोज सांगतो," ठकूबाई म्हणत होत्या. "लेक कालिजात असती, अभ्यास लय असतो, म्हणून यार्डात येत नाय. आम्हाला वाटलं थापा मारतो. इतक्या वर्सांत कधी पोरबाळाचं नाव नाय काढलं, आन् एकदम मोठी लेक कुठनं आली?"

आसपासचे दोघंतिघं माना वळवून बघत होते. पुतणी आहे म्हणून सांगितलं असतं तर ते खोटं नव्हतं. पण महिनाभर हा माणूस चहाच्या कपामागे कोणाची गोष्ट सांगत फिरला, ते मला त्या क्षणी कळलं.

"हो," मी म्हणाले. "तात्यांचीच. अभ्यास असतो ना, म्हणून येत नव्हते."

"तरीच," ठकूबाई म्हणाल्या. "नाक डिट्टो बापाचं हाय." आणि त्यांनी मेथीची एक जुडी माझ्या हातात कोंबली.

तात्या बराच वेळ वहाणेशीच होते. मग सरळ झाले, टोपी नीट केली आणि माझं मनगट धरलं. मी लहान असताना जत्रेत धरायचे तसं घट्ट.

"चल," ते म्हणाले. "अजून लय जण विचारत होते."

आणि पुढचा गाळा यायच्या आधीच, लांबूनच, त्यांनी हाक दिली, "ही बघा. आलीय."