मावशीचं जॅकेट आणि नवरोबांची मदत

बायकोला मदत करायची, असा निर्णय नवरोबांनी रविवारी सकाळी दुसरा चहा पिता पिता घेतला. बायकोने मदत मागितली नव्हती. (मागितली असती, तर त्यांना नेमकं तेव्हाच बाहेर काम निघालं असतं.)

प्रकरण असं होतं. गल्लीच्या टोकाला एक नाटक कंपनी होती आणि तिथे कपडे शिवायला, दुरुस्त करायला माणूस हवं होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पँटी आखूड करून बायको अगदी विटली होती. ही नोकरी तिला मनापासून हवी होती. पण वेशभूषेच्या बाईंनी अट घातली होती. घरातला एखादा जुना कपडा काढा, तो किती जुना आहे ते स्वतः शोधा आणि कशावरून ओळखलंत ते मला सांगा, मी रविवारी संध्याकाळी घरीच येते. म्हणून बायकोने कपाटातून मावशीचा निळा ड्रेस आणि त्यावरचं करडं जॅकेट काढलं. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे विचारायची सोय नव्हती.

नवरोबा एका गोदामात डबाबंद मालावरच्या तारखा तपासायचे. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूचं वय आपल्याला कळतं, असा त्यांचा पक्का समज होता.

"यावर तारीख कुठे छापलीय?" त्यांनी ड्रेस उलटासुलटा करून विचारलं.

"कपड्यावर तारीख नसते हो. ही बाजूची चेन बघा, धातूची आहे. प्लॅस्टिकच्या चेनी नंतर आल्या. आतल्या कडाही हाताने टाचल्यात. ड्रेस साठेक वर्षांचा असणार."

"आणि जॅकेट?"

"तिथेच तर घोडं अडलंय. दोन्ही एकत्र ठेवलेली होती, पण याचं कापड जुनं वाटतंय. मी दोरा घेऊन येते. तुम्ही कशालाही हात लावू नका."

हे शेवटचं वाक्य ती बोलली नसती, तर नवरोबा पेपर वाचत बसले असते. दोरा जाळून बघितला की कापड कसलं ते कळतं, असं त्यांना गोदामातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं होतं. जॅकेटच्या अस्तरातून एक दोरा लोंबतच होता. नवरोबांनी लायटर लावला. दोरा आधी कापून घ्यायचा असतो, हे सहकाऱ्याने सांगितलं नव्हतं. (इतकंही सांगावं लागेल, असं बिचाऱ्याला वाटलं नसावं.)

ज्योत दोऱ्यावरून सरसर वर गेली आणि अस्तराला बशीएवढं भोक पडलं. नवरोबांनी शेजारचा उरलेला चहा जॅकेटवर ओतला. आग विझली. मग डाग घालवायला त्यांनी मोरीचा ब्रश घेतला आणि खसाखसा घासलं. मग वाळायला म्हणून जॅकेट खिडकीच्या कडीला अडकवलं, तेही खिशाने. खिसा फाटला.

बायको आली. ती ओरडली नाही. जॅकेट मांडीवर घेऊन खुर्चीत बसली आणि तिचे डोळे भरून आले. नवरोबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी बाईंना सांगतो, चूक माझी आहे म्हणून."

"मग काय, नोकरी तुम्हाला देतील?"

कुठवर जळलंय ते बघायला तिने भोकात बोटं घातली आणि एकदम थांबली. "कात्री द्या," ती म्हणाली. नवरोबांनी कात्री दिली आणि दोन पावलं मागे सरकले. पण तिने अस्तरच उसवलं. आत दुमडलेल्या कडेवर ओळीने काजं होती, सगळी दोऱ्याने बुजवलेली.

"काजं डावीकडे. बायकांच्या कपड्यांना ती उजवीकडे असतात. हा पुरुषाचा कोट होता हो. कापून लहान केलाय."

"कुणाचा?"

"आजोबांचा. आई सांगायची, त्यांनी लग्नात करडा कोट घातला होता. म्हणजे कापड ड्रेसपेक्षा वीसेक वर्षांनी तरी म्हातारं." ती काजांवरून बोट फिरवत राहिली. "ते गेल्यावर मावशीने टाकून दिला नाही. स्वतःच्या मापाचा करून घेतला." मग तिने डोळे पुसले, सुई ओवली आणि जळलेल्या जागी ठिगळ लावायला घेतलं.

संध्याकाळी बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चेन पाहिली, काजं पाहिली, नवं ठिगळ खिडकीशी नेऊन पाहिलं. "तुम्ही उद्यापासून या," त्या बायकोला म्हणाल्या. बायकोला हसावं की रडावं कळेना. नवरोबांचा ऊर भरून आला, कारण ते भोक आपणच पाडलं होतं.

तेवढ्यात बाईंनी जॅकेट बाहेरून न्याहाळलं. विटका रंग, पिवळट डाग, लोंबणारा खिसा.

"हे कुणी केलं?"

नवरोबांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"किती दिवस लागले?"

"दिवस नाही हो. ही दोरा आणायला गेली होती, तेवढ्यात."

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बायको कामावरून आली ती हसतच, काखेत कोऱ्या शर्टांचा गठ्ठा घेऊन. तो तिने नवरोबांच्या पुढ्यात ठेवला. बाईंना आपली पारख पटली, म्हणून ही भेट पाठवली असणार, असं नवरोबांना वाटलं.

"माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठीच. नव्या नाटकातल्या भिकाऱ्यांचे आहेत. बाई म्हणाल्या, यांना म्हणावं, मुद्दाम काहीही करू नका. आठवडाभर नुसते घाला आणि नेहमीसारखे घरात वावरा."