सात ते आठ, एकच आवाज

घरात शांतता आणणं हे येरागबाळ्याचं काम नाही. त्यात आमचं घर शिवाजी पेठेत! इथं बाई शेजारणीकडं वाटीभर साखर मागते, तीसुद्धा तालमीतला पैलवान जोर काढायचा थांबेल अशा आवाजात. पण मी ती शांतता आणून दाखवली. एका खोक्यातून, कुरिअरनं, गुरुवारी दुपारी. पुढं तीन आठवड्यांनी माझा भाऊ जीप भरून माणसं घेऊन मला सोडवायला आला, ती गोष्ट वेगळी.

तर झालं असं. माझे सासरे, आण्णा, दूध संघात चौतीस वर्षं मशीनच्या खडखडाटात उभे राहून निवृत्त झाले. मशीन तिथंच राहिलं, पण कान काही त्यांच्याबरोबर पूर्ण घरी आले नाहीत. ऐकायचं यंत्र लावा म्हटलं की चिडतात, मला काय झालंय म्हणतात. आणि बोलणं एकदम कमी. सकाळी "चहा", दुपारी "ताक", रात्री "बास". आई होत्या तेव्हा दोन शब्द जास्त बोलायचे. आई म्हणजे माझ्या सासूबाई, अंजना. गेल्या श्रावणात त्या गेल्या आणि ते दोन शब्दही गेले.

फक्त संध्याकाळी सात ते आठ हा माणूस बदलायचा. सातला टीव्हीवर चर्चेचा कार्यक्रम लागतो, 'सातची झुंज'. पडद्यावर आठ चौकोन, आठ चौकोनांत आठ माणसं आणि आठही जण एकदम बोलणार. निवेदक सगळ्यांना "एकेकानं बोला" म्हणून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडणार. आरोग्य विमा असो, शिक्षणाचं धोरण असो, कांद्याची निर्यात असो की देशभर एकदम निवडणूक, आण्णांचं मत तयार! आवाज साठावर ठेवून ते पडद्यातल्या प्रत्येकाला उत्तर द्यायचे. मी ऑफिसातून येऊन कणीक मळत असायची आणि अख्खी दिल्ली माझ्या परातीत उतरायची. डोकं नुसतं ठणकायचं.

म्हणून मी हेडफोन मागवले. बिनवायरचे, डोक्यावरनं कानावर बसणारे. आण्णा टोपी काढायला तयार होईनात, म्हणून टोपीवरूनच बसवले. त्यांनी आवाज ऐकला आणि चेहरा असा उजळला की मला भरून आलं. म्हणाले, "लई स्वच्छ येतंय की गं पोरी." मी स्वयंपाकघरात गेले आणि पहिल्यांदाच मला माझ्या फोडणीचा आवाज ऐकू आला. आमचे हे कारखान्यातून आले तर दारातच थबकले, म्हणाले, लाईट गेलीय काय?

ही शांतता बरोबर चार मिनिटं टिकली.

कान बंद झाले की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पाचव्या मिनिटाला आण्णा गरजले, "खोटं बोलू नगंसा! लोकं काय येडी हायत व्हय?" पूर्वी त्यांचा आवाज आठ जणांत मिसळून जायचा. आता टीव्ही मुका आणि आण्णा एकटेच, पहिल्यापेक्षा दुप्पट. पण मी म्हटलं, चालतंय की. नऊ आवाजांपेक्षा एक बरा.

इथंच माझं चुकलं. मी गडहिंग्लजची. पाच वर्षं पेठेत राहूनही मला पेठेचा एक नियम माहीत नव्हता. आमच्या गल्लीत घरातून दोन आवाज आले तर कुणी मान वर करत नाही. दोन आवाज म्हणजे गप्पा चालल्यात, फार तर जेवणात मीठ कमी पडलंय. पण एकच आवाज आला आणि समोरून उत्तर नाही, तर मात्र गल्लीच्या काळजात धस्स होतं. समोरचं माणूस गप्प बसलंय म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय, असा हिशेब. आणि अशा घरात एकट्यादुकट्यानं शिरायचं नाही, आधी तालमीत वस्तादांच्या कानावर घालायचं, हीसुद्धा रीत.

आमची भिंत आणि बाळाबाईंची भिंत एकच. बाळाबाई साठीच्या, एकट्या राहतात, मनानं सोनं. भिंतीपलीकडून त्यांना टीव्ही ऐकू येईना, म्हणजे टीव्ही बिघडला, हे त्यांनी ठरवून टाकलं. मग सात वाजले की रोज ऐकू येणार ते एवढंच: "पाच वर्षं झाली! पाच वर्षांत काय केलंसा, एक काम दावा!" मग शांतता. मग: "जमत नसंल तर घरला जावा की!" परत शांतता. आणि आमच्या लग्नाला नुकतीच पाच वर्षं झालेली.

दुसऱ्याच दिवशी बाळाबाई धपाटे घेऊन आल्या. मला वाटलं, सहज. पुढच्या आठवड्यात पुरणपोळी आणि कटाची आमटी आली, सण नसताना! समोरच्या वहिनींनी खरवस पाठवला. पाणी भरायला गेले की बायका मला पुढं जाऊ द्यायच्या आणि पाठीवरून हात फिरवायच्या. मी घरात येऊन आरशात बघितलं, म्हटलं आपला स्वभावच गोड झालाय वाटतं, डोकं शांत असलं की माणसाच्या तोंडावर तेज येतं.

एकदा बाळाबाईंनी मला जिन्यापाशी गाठलं आणि हळूच विचारलं की संध्याकाळचं फार होतंय का गं तुला. मला वाटलं भिंतीपलीकडं आवाजाचा त्रास होतोय, म्हणून मी त्यांची समजूत काढली. अहो, सात ते आठ, तासाचाच प्रश्न आहे, म्हटलं. सवय झालीय. आणि पहिल्यापेक्षा कितीतरी बरं आहे, पूर्वी आठ-नऊ जण मिळून ओरडायचे, आता एकटे आण्णाच! बाळाबाईंचा हात तोंडावर गेला. त्याच दुपारी त्यांनी गडहिंग्लजला माझ्या भावाला फोन लावला.

माझा भाऊ राजवीर. माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा, पण लग्नात माझी पाठवणी करताना त्यानं बाळाबाईंच्या हातात स्वतःचा नंबर लिहून दिला होता. आमच्या आक्काचं काही दुखलं-खुपलं तर कळवा म्हणून. पाच वर्षं त्या कागदाचा उपयोग झाला नव्हता.

बुधवारी सव्वासात वाजता जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. राजवीर, माझे दोन चुलते आणि माहेरच्या शेजारचे चौघं. त्यांना बघून तालमीतून गणपतराव वस्ताद उठले, त्यांच्यामागं तीन पैलवान, त्यांच्यामागं बाळाबाई. मी आत भाकऱ्या थापत होते, मला पत्ता नाही. आण्णा दाराकडं पाठ करून टीव्हीला अगदी खेटून बसलेले, टोपीवर हेडफोन, आणि पडद्यावर महागाईवरून रणकंदन पेटलेलं. त्यांच्या पाठीआड पाहुण्यांना टीव्हीही दिसत नव्हता, कानावरचा हेडफोनही नाही, कारण त्यांनी थंडी म्हणून वरून मफलर गुंडाळला होता.

मंडळी आत शिरली आणि आण्णा कडाडले, "खाली बसा! सगळी खाली बसा आधी!"

सगळी बसली. वस्तादसुद्धा बसले. पैलवान मांडी घालून बसले. आण्णांनी मागं न बघता पुढचा हुकूम सोडला की एकेकानं बोला आणि मुद्द्याचं बोला. तेव्हा वस्ताद घसा खाकरून म्हणाले की आण्णा, तुमचं वय झालंय, सून लेकीसारखी असते. आण्णा म्हणाले, हेच तुमी मागच्या बारीला पण बोलला हुतासा. वस्ताद गोंधळले, कारण मागच्या बारीला ते आलेच नव्हते.

राजवीर तेवढा उभा होता. त्याचा संताप अनावर झालेला. मी गलका ऐकून पिठाच्या हातानं बाहेर आले, समोर माझं अख्खं माहेर जमिनीवर बसलेलं! क्षणभर मला वाटलं गावाकडं कुणीतरी गेलं. मग राजवीरच्या तोंडून दोन शब्द ऐकले आणि सगळा प्रकार माझ्या डोक्यात शिरला. मी धावत जाऊन आण्णांचा मफलर ओढला, हेडफोन काढला. नेमकं त्याच वेळी राजवीर ओरडला, "आमच्या आक्काला छळणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरात ती एक दिवस न्हाय राहणार!"

तीन आठवड्यांत आण्णांनी टीव्हीबाहेरचं एवढं एकच वाक्य स्पष्ट ऐकलं.

मग उलगडा झाला. मी एकेकाच्या कानाला हेडफोन लावून दाखवला. पैलवान हसून हसून आडवे झाले. राजवीरनं आण्णांचे पाय धरले, रडला बिचारा. बाळाबाई पदर तोंडात कोंबून उभ्या. चहा झाला, जीप गेली. आण्णाही हसले, म्हणजे हसल्यासारखं केलं. मग त्यांनी हेडफोन पुसला, खोक्यात नीट ठेवला आणि टीव्ही बंद केला. तेव्हा सात चाळीस झाले होते.

दुसऱ्या दिवशी सातला टीव्ही लागला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आण्णा खुर्चीत बसायचे, काळ्या पडद्याकडं बघायचे आणि आठला उठायचे. मी लाडीगोडी लावली, यांनी लावली. उपयोग नाही. शनिवारी सकाळी आण्णांनी कपाटावरची बॅग काढली. वारणानगरला पूर्णिमाताईंकडं जातो म्हणाले. पूर्णिमाताई म्हणजे माझ्या नणंद. किती दिवस, म्हटलं, तर म्हणाले, "बघू. माझ्यापायी तुझ्या म्हायेरच्या माणसांस्नी जीप करून याय लागलं. गल्लीत तुला मान खाली घालाय लागू नये." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जायचं ठरवलं.

मला शांतता हवी होती ना? मिळाली! असली मिळाली की माझ्याच फोडणीचा आवाज मला ऐकवेना. मी उठून बाळाबाईंकडं गेले आणि त्यांच्यावरच तोंडसुख घेतलं. म्हटलं, तुम्हाला एवढंसुद्धा कळलं नाही की माणूस टीव्हीशी बोलतोय?

बाळाबाई रागावल्या नाहीत. शेंगा फोडत होत्या, त्या बाजूला ठेवल्या. म्हणाल्या, "मधीच हळू बी बोलायचं न्हवं का ते. 'ऐकतीस न्हवं गं? बघ, ह्यो परत आला. ह्येला वळखलंस का?' म्हणून तर मला वाटलं, तुलाच समोर बशिवल्यात."

मला तर ते 'पोरी' म्हणतात. आणि 'बघ, ह्यो परत आला' असं मला कशाला सांगतील? त्या वेळी मी स्वयंपाकघरात असते. त्या खोलीत आण्णांच्या खुर्चीशेजारी फक्त आईंचा पाट आहे, अजून तिथंच. कुणी उचललेला नाही.

माझा चेहरा बघून बाळाबाईंनाही समजलं. मग त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलेली सगळी वर्षं मला सांगितली, कारण आई होत्या तोवर मी ऑफिसातून आठनंतरच घरी यायची. सात वाजले की आई त्या पाटावर भाजी निवडायला बसायच्या आणि विचारायच्या, अहो, हा निळ्या जाकिटातला कोण? आण्णा सांगायचे. मग आई, तो मंत्री आहे का? आण्णा चिडून, मंत्री कुठला, प्रवक्ता हाय त्यो! असं तासभर, रोज. मी म्हटलं, आईंना खरंच कळायचं नाही का? बाळाबाई म्हणाल्या, "समदं कळायचं तिला. सकाळी पेपर वाचून मलाच सांगायची. पर इचारल्याबिगर तुझा सासरा बोलायचा न्हाय की गं."

त्या दिवशी सातला मी परात बाहेर आणली. टीव्ही लावला, आवाज साठावर ठेवला, आईंच्या पाटावर बसले आणि मेथी निवडायला घेतली. आण्णांनी एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. त्यांची बॅग दाराशी होती.

"आण्णा," मी ओरडून विचारलं, "हा निळ्या जाकिटातला कोण हो?"

आण्णांनी नजर बॅगेकडं वळवली. पडद्यावर आठही जण भांडत होते. माझ्या हातातली मेथी मोडून चुरा झाली होती आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मी तरी परत विचारलं, "मंत्री आहे का?"

आण्णांचा जबडा हलला. खुर्चीवरची बोटं हलली. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"मंत्री कुठला?" आण्णा म्हणाले. "प्रवक्ता हाय त्यो. एवढं बी ठावं न्हाय तुला?"

मग ते माझ्याकडं बघत राहिले. मग खुर्ची पाटाजवळ सरकवून मला प्रवक्ता आणि मंत्री यातला फरक सांगायला लागले, तो आठ वाजून गेले तरी संपला नाही. रात्री यांनी बॅग उचलून गुपचूप कपाटावर ठेवली. आण्णांनी बघितलं, पण एसटीचा विषय काढला नाही.

आता रोज सातला मी पाटावर असते. भाकऱ्या आठनंतर होतात, आमचे हे कुरकुर करतात आणि खोक्यातला हेडफोन कानाला लावून आत झोपून टाकतात. परवा शिक्षणाच्या धोरणावरून माझं आणि आण्णांचं असं जुंपलं की टीव्हीतला निवेदक गप्प झाल्याचं दोघांनाही कळलं नाही. आण्णा म्हणाले, तुझ्या सासूला एवढं कळत नव्हतं. मी म्हटलं, हो ना.

आमच्या घरातून आता दोन आवाज येतात, त्यामुळं गल्ली एकदम निर्धास्त आहे. बाळाबाई भिंतीपलीकडं गाढ झोपतात. पुरणपोळी मात्र तेव्हापासून बंद झाली.