देश बारा मिनिटं मागे आहे

तुमच्या घरातलं घड्याळ मागे पडलं तर तुम्ही कोणाला जबाबदार धरता? घड्याळाला, आतल्या सेलला, की विकणाऱ्या दुकानदाराला? आमच्या सोसायटीतले सुर्वेकाका सरळ तुम्हाला जबाबदार धरतात.

काका मूळचे चिपळूणकडचे. पस्तीस वर्षं त्यांनी कोळशावरच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये काढली. निवृत्तीनंतर मीरा रोडला सिल्व्हर पार्कात आले, ते एक ट्रंक, एक रेडिओ आणि एक गोल लोखंडी घड्याळ घेऊन. नोकरीत असतानाच कंट्रोल रूमचं जुनं पॅनल भंगारात निघालं तेव्हा त्यातलं हे घड्याळ त्यांनी मागून घेतलं होतं. ते सेलवर चालत नाही. भिंतीतल्या विजेच्या हेलकाव्यांवर त्याचे काटे फिरतात. सेकंदाला पन्नास हेलकावे (काकांच्या भाषेत फ्रिक्वेन्सी) आले, तर घड्याळ बरोबर. लोकांनी पुरवठ्यापेक्षा जास्त वीज ओढली की तिकडे ग्रिडमधली, म्हणजे विजेच्या सामायिक जाळ्यातली, जनित्रं धापा टाकतात, हेलकावे कमी होतात आणि इकडे काकांचं घड्याळ मागे पडतं.

रोज सकाळी सहा वाजता रेडिओच्या पिप-पिपवर ते काटे लावायचे आणि संध्याकाळी किती मिनिटांचा घोळ झाला ते वहीत टिपायचं, याला काका 'माझं संशोधन' म्हणतात. इथवर ठीक. पण काका स्वतःही त्याच घड्याळावर जगतात! त्यामुळे सकाळी ते काटेकोर आणि संध्याकाळी हमखास उशिरा. माझ्या मावसबहिणीचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. काका पोचले तेव्हा अंतरपाट घडी होऊन पिशवीत गेला होता. त्यांनी रिकाम्या स्टेजवर मनोभावे अक्षता टाकल्या आणि मला म्हणाले, "मी वेळेवर आलोय गं. ग्रिड लेट आहे."

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, विजेचा लोड राहतो. साळुंखे वहिनी म्हणजे "एक फ्रिज, एक मिक्सर, समजूतदार बाई." आमचे सेक्रेटरी जयंतीभाई म्हणजे "चार गीझर." कोणाचा चेहरा उतरलेला दिसला की काका विचारतात, "काय, फ्रिक्वेन्सी पडली?" मला मात्र ते 'पत्रकवाली' म्हणतात. ते खरंच आहे. वडिलांच्या युनियनची पत्रकं वाचत मी अक्षरओळख शिकले. अजूनही किराण्याची यादी लिहिताना शेवटी 'एकजुटीचा विजय असो' लिहायला हात शिवशिवतो.

ही गोष्ट सुरू झाली दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला. आमच्या इमारतीत सात मजले, आणि त्या दिवशी सूर्य उगवायच्या आत प्रत्येकाला गरम पाण्याने न्हायचं असतं. सगळे गीझर, पाण्याचा पंप, लिफ्ट, सगळं एकदम. दरवर्षी मेन फ्यूज उडायचा. त्या वर्षीही उडाला. माझा भाऊ अंगभर उटणं लावून अंधारात पुतळ्यासारखा उभा होता. वरच्या मजल्यावरून जयंतीभाईंचा आवाज आला, "बस, बहुत हो गया! जनरेटर लायेंगे!"

जनरेटर म्हणजे डिझेलचा. तो बसणार होता बालवाडीच्या खिडकीखाली, कारण दुसरीकडे गाड्या होत्या. मी खवळले. काका माझ्याहून जास्त खवळले. "पस्तीस वर्षं मी कोळसा जाळला," ते म्हणाले. "कॉलनीत दोरीवर पांढरी साडी वाळत घातली तर संध्याकाळी राखाडी व्हायची. ती राख माझ्या हातची. आता म्हातारपणी पोरांच्या नाकाखाली डिझेल जाळू?"

ठरावासाठी सभा बोलावली गेली, रविवारी संध्याकाळी सहाला. आता तुमच्या लक्षात आलं असेल. संध्याकाळी सहाला!

सहा वाजले. काकांचा पत्ता नाही. सहा वाजून दोन मिनिटांनी जयंतीभाई म्हणाले, "सब लोग हात उपर करो, फिर चाय है." अर्धे हात वर जायला लागले. मी उठले आणि "अध्यक्ष महाराज!" अशी आरोळी ठोकली. अध्यक्ष कोणीच नव्हतं. मी बोलत राहिले. कोळसा, धूर, बालवाडी, पिण्याच्या पाण्याचा हक्क, जगातले सगळे कामगार, जे आठवेल ते. मध्येच आई कुजबुजली, "अगं, विषय गीझरचा आहे!" मी गीझरवर आले आणि पुन्हा कामगारांकडे गेले. घसा कोरडा पडला तेव्हा दारात काका दिसले. बगलेत ते लोखंडी घड्याळ.

"सुर्वेजी," जयंतीभाई म्हणाले, "आप का टाइम कौन से देश का है?"

"इसी देश का," काका म्हणाले. त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. वायर काढल्यामुळे ते बंद पडलं होतं, सहा वाजता. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. "मैं लेट नहीं. देश बारह मिनट पीछे है. ही बारा मिनिटं कोणी खाल्ली? तुम्ही, मी, गुजरातपासून गोव्यापर्यंत सगळ्यांनी. एकाच वेळी ओढतो आपण. सकाळी पंप का लावता? टाकी दुपारी भरा. गीझर मजल्यांनी वाटून घ्या. पंधरा दिवस द्या मला. एकदाही फ्यूज उडाला तर जनरेटर आणा आणि तो माझ्या खिडकीखाली बसवा."

इतका वेळ दाराशी टोपली ठेवून बसलेली राई गावची मासेवाली हसून म्हणाली, "आमी सुकट गच्चीवर वाळवताव तसं पानी तापवा ना! ऊन काय कोनाच्या बापाचं हाय?"

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिला डॉक्टरेट देऊन टाकावी. "पाहा! सगळं संशोधन हिने एका वाक्यात संपवलं."

पंधरा दिवस मिळाले. वेळापत्रकाचं पत्रक मी लिहिलं. मथळा होता: 'सम मजल्यांनो, पावणेसातला थांबा! विषम मजल्यांनो, तुमची वेळ आली आहे!' पहाटेपासून काका मीटरच्या खोलीत, केबलला चिमट्यासारखं मीटर लावून उभे. आकडा वाढला की जिन्यात आवाज घुमायचा, "तिसरा मजला! कोण बेकायदा आंघोळ करतंय?"

अकराव्या दिवशी आकडा भराभर चढला. काका चौथ्या मजल्यावर धावले, तेही जिन्याने, कारण लिफ्ट हाही लोड. जयंतीभाईंकडे भावनगरचे पाहुणे उतरले होते आणि चारही गीझर लालेलाल. दार उघडलं ते खुद्द जयंतीभाईंनी, डोक्यावर साबणाचा फेस, कमरेला पंचा.

"तीन बंद करा."

"सुर्वेजी, ठंड का मौसम है!"

"चौथाही बंद करू?"

जयंतीभाई पुटपुटत आत गेले. चार बटणं खटाखट बंद झाल्याचा आवाज आला आणि त्यामागून गार पाण्याची किंकाळी. फ्यूज वाचला. पंधराव्या दिवशी काकांनी तो फ्यूज काढून सगळ्यांना दाखवला. तार जशीच्या तशी होती. टाळ्या जयंतीभाईंनी सुरू केल्या. "मैंने ठंडे पानी से नहाया," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "तब जा के बचा."

जनरेटरचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. उन्हाळ्यात गच्चीवर सौर बंब बसले आणि त्यांना पहिला नारळ जयंतीभाईंनीच फोडला. पुढच्या दिवाळीत पहिल्या आंघोळीला सातही मजले एकदम न्हाले. आदल्या दिवसाच्या उन्हाने तापलेलं पाणी नळातून वाफाळत येत होतं. माझा भाऊ उटणं लावून लख्ख उजेडात उभा होता. खाली मीटरच्या खोलीत काका एकटेच होते आणि आकडा जागचा हलत नव्हता. आम्ही जिंकलो होतो! बालवाडीच्या खिडकीखाली आज तुळस आहे. या आणि पाहा.

त्या दुपारी मी फराळाचं ताट घेऊन काकांकडे गेले. तीन वाजत होते. लोखंडी घड्याळातही तीन वाजत होते. सणामुळे कारखाने बंद, विजेची ओढ कमी.

"काका! बरोबर चालतंय की! अभिनंदन!"

"हो," ते म्हणाले. "आज उशीर माफ नाही."

मग त्यांनी सांगितलं. केंद्रातली पहिली पाळी तीनला सुटायची, पण पुढच्या पाळीचा माणूस कधी वेळेवर यायचा नाही. काका घरी पोचायचे साडेतीनला. सुमनकाकू जेवायच्या थांबलेल्या. त्या टंचाईच्या दिवसांत हे घड्याळ तोवर चांगलं पंधरा मिनिटं मागे असायचं. काकू त्याच्याकडे पाहून म्हणायच्या, "पंधराच मिनिटं झालीत. बसा, भात गरम आहे."

"मला वाटायचं, घड्याळ मला सांभाळून घेतंय," काका म्हणाले. "ती गेली. दुसऱ्या दिवशी घर शांत झालं तेव्हा आमसुलाच्या डब्यामागून टिकटिक ऐकू आली. चावीचं मनगटी घड्याळ. रोज चावी देत होती. रेडिओशी लावून पाहिलं, एका मिनिटाचाही फरक नव्हता."

त्यांनी करंजी उचलली आणि खाल्ली नाही.

हा माणूस ज्या घड्याळाला बरोबर चालवायला झगडतोय, त्याच्या प्रत्येक भरून निघालेल्या मिनिटासरशी काकूंची ती माफी कमी होते. हे त्यांना माहीत आहे. तरी उद्या सहाला ते पुन्हा काटे लावणार आहेत.

म्हणून वाचकहो, दोन कामं करा. उद्या सकाळी तुमच्या इमारतीच्या गच्चीची किल्ली मागून घ्या, वर जा आणि तिथे किती ऊन वाया जातंय ते पाहून या. आणि तुमच्या सभेला एखादा म्हातारा बारा मिनिटं उशिरा येणार असेल, तर तोवर हात वर करू नका.